गळ्यातले नाणे : प्रस्तावना

नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील वणी हे गाव महाराष्ट्रभर ओळखले जाते ते जवळच्या गडावरील सप्तशृंगनिवासिनीमुळे. अठरा भुजांच्या या देवीला अकरा वार साडी लागते, चोळीला तीन खण लागतात आणि तिच्या अंगावर चढणाऱ्या अलंकारांत सोन्याचा मुकुट, कर्णफुले, नथ, मंगळसूत्र, कमरपट्टा आणि तोडे यांच्या जोडीला पुतळ्यांचे गाठले असते. पुतळी म्हणजे मानवी आकृतीचा छाप असलेली सोन्याची गोल चकती. आणि अशा चकत्यांच्या माथ्यावरील कड्यांतून दोरा ओवून जो गळ्यातला दागिना तयार होतो, ते गाठले. भाविकाच्या लेखी तो देवीच्या अंगावरचा एक डाग आहे आणि त्यापलीकडे त्याची चौकशी करण्याचे त्याला कारणही नाही. नाण्यांच्या अभ्यासकाला मात्र ती चकती वेगळ्याच वाटेने घेऊन जाते, कारण पुतळी हे आरंभी दागिन्याचे नव्हे तर मराठी मुलखात दीर्घकाळ चाललेल्या एका परदेशी सुवर्णनाण्याचे नाव होते. हे नाणे पेढीवरून गळ्यात कसे आले, तिथे आल्यावर त्याचे चलन थांबले की निराळ्या रीतीने चालू राहिले, आणि खरे नाणे मिळेनासे झाल्यावर सोनाराने त्याच्या जागी काय घडवले, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

विषयाची व्याप्ती प्रथम स्पष्ट केलेली बरी. नाणे दागिन्यात किंवा शोभेच्या वस्तूत जाते ते साधारणपणे चार प्रकारांनी. त्याला सरळ भोक पाडले जाते. किंवा नाण्याला धक्का न लावता त्याच्या माथ्यावर सोन्याच्या तारेची वा पट्टीची कडी झाळून, म्हणजे कमी उष्णतेला वितळणाऱ्या मिश्र सोन्याने जोडून, बसवली जाते. किंवा अंगठीत खडा बसवावा तसे नाणे कोंदणात, म्हणजे भोवतीच्या धातूच्या घरात, पक्के केले जाते. चौथा प्रकार सर्वांत गुंतागुंतीचा, कारण त्यात नाणे उरतच नाही, नाण्याचा छाप तेवढा उरतो : सोनार पातळ पत्र्यावर नाण्यासारखा ठसा उठवतो आणि ती चकती प्रथमपासूनच ओवण्यासाठी घडवलेली असते. महाराष्ट्रातील आजच्या बहुतेक पुतळीमाळा या चौथ्या वर्गात पडतात, आणि याच कारणाने नाणकशास्त्राने त्यांच्याकडे पाठ फिरवली, तर दागिन्यांवर लिहिणाऱ्यांनी त्यांतील नाण्याची बाजू एका वाक्यात आटोपली.

ही उपेक्षा का खटकावी, याचे उत्तर नाशिक जिल्ह्यातच आहे. १९०६ साली जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा जो प्रचंड साठा सापडला, त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. एका राजाच्या नाण्यावर दुसऱ्याचा ठसा उमटलेला पाहून कोणा अभ्यासकाने ती नाणी खराब झाली असे म्हटले नाही. उलट गौतमीपुत्राच्या सातवाहन घराण्याने नहपानाच्या क्षहरात घराण्याचा पाडाव केल्याचा तो सर्वांत बोलका पुरावा ठरला आणि दुसऱ्या छापामुळेच त्या साठ्याला कीर्ती लाभली. मात्र त्याच परंपरेत वाढलेल्या सूचीकाराच्या हाती कडी झाळलेली मोहोर आली की तो तिच्यापुढे ‘कडीमुळे सदोष’ असा शेरा मारतो आणि लिलावात तिची किंमत उतरते. राजाचा दुसरा ठसा हा इतिहास मानायचा आणि सोनाराची कडी हा दोष, या भेदाला शास्त्राचा आधार नाही, सवयीचा आहे. कडी हाही नाण्यावर मारलेला दुसरा छापच होय, तो वाचता येतो आणि वाचला पाहिजे, ही या ग्रंथाची मूळ भूमिका आहे.

नाणे आणि दागिना यांची सरमिसळ भारतात नाण्याइतकीच, किंबहुना त्याहूनही, जुनी आहे. ऋग्वेदात रुद्राच्या अंगावर निष्क आहे आणि दानस्तुतीत कक्षीवानाला शंभर निष्क मिळाल्याचा उल्लेख आहे. म्हणजे गळ्यातला सोन्याचा अलंकार हाच मोजून देण्याघेण्याचे परिमाणही होता, आणि पुढे निष्क हे नाण्याचे नाव झाले. जैन कल्पसूत्रात महावीरांची माता त्रिशला हिला पडलेल्या स्वप्नांत श्रीदेवीच्या छातीवर दीनारांची माळ वर्णिली आहे. दीनार हे रोमन नाण्यावरून आलेले नाव असल्याने, लक्ष्मीच्या गळ्यात नाण्यांची माळ घालण्याची कल्पना गुप्तोत्तर काळापर्यंत चांगली रुळली होती, एवढे तरी त्यावरून निश्चित म्हणता येते. सोन्याच्या नाण्याचा हिशेबी उपयोग कसा होई, याचा दाखला मात्र पुन्हा नाशिकच्याच कातळात कोरलेला आहे. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात ब्राह्मणांना व देवांना दिलेल्या ७०,००० कार्षापणांची नोंद असून, ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण या दराने ती रक्कम २,००० सुवर्ण होते, असे गणित लेखातच मांडलेले आहे. शेजारच्या गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कार्षापण व्याजाने ठेवल्याचाही उल्लेख त्याच लेखात येतो. चांदी व्यवहारात फिरे, सोने मापाच्या आणि मानाच्या जागी असे, ही पुढील दोन हजार वर्षांत वारंवार दिसणारी विभागणी येथे प्रथम स्पष्ट होते.

त्याच सुमारास रोमन जगाशी चाललेल्या व्यापारातून सुवर्णनाणी पश्चिम किनाऱ्यावर व दख्खनमध्ये येत होती, आणि त्यांच्यामागोमाग त्यांच्या नकला येत होत्या. तेर, आणि तेलंगणातील कोंडापूर, या ठिकाणी मातीत घडवलेली रोमन नाण्यांची पदके मिळाली आहेत. दोन साच्यांत दाबून तयार केलेल्या या पदकांवर सम्राटाचे मुख असते आणि माथ्यावर दोरा ओवण्यासाठी मातीचेच नाके असते. ज्यांना सोन्याचे नाणे परवडत नव्हते त्यांनाही नाण्यासारखे काही गळ्यात हवे होते, ही गोष्ट या मातीच्या चकत्यांइतकी उघडपणे क्वचितच कोणी सांगितली असेल. पुढे कर्नाटकातील अक्की आलूर येथील साठ्यात पूर्व रोमन, म्हणजे बायझंटाइन, सम्राटांची जी सुवर्णनाणी मिळाली, त्यांवर राजमुखाच्या डोक्याच्या वर जवळजवळ अशी दोन भोके आढळतात. एकाच भोकातून ओवलेले नाणे दोऱ्यावर गरगर फिरते. दोन भोकांतून ओवले की ते छातीवर सपाट बसते आणि मुख सरळ राहते. भोक पाडणाऱ्याला सम्राटाचे नाव वाचता येत नसेल, पण नाण्याची पुढची बाजू कोणती आणि वर कोणते, हे त्याने विचारपूर्वक ठरवले होते.

खुद्द रोमन साम्राज्यातही इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून सुवर्णनाणी जाळीदार सोन्याच्या चौकटीत बसवून गळ्यात घालण्याची रीत बळावली, आणि चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनच्या मोठ्या सुवर्णपदकांची अशी जडावाची लटकणे घडली, जी आज निरनिराळ्या संग्रहालयांत विखुरलेली आहेत. त्यानंतर उत्तर युरोपात रोमन पदकांच्या एकाच बाजूला छाप असलेल्या पातळ नकला झाल्या. जर्मन कारागिरांनी चांदीच्या पेल्यांच्या अंगात नाणी बसवली. एकोणिसाव्या शतकात रोमच्या कास्तेलानी घराण्याने प्राचीन नमुन्यांवर आधारलेल्या दागिन्यांची परंपरा पुन्हा उभी केली आणि १९६० च्या दशकापासून बुल्गारी या पेढीने अस्सल प्राचीन नाणी आधुनिक हारांत बसवली. या पाश्चात्त्य परंपरेत नाणे मिरवले जाते ते मुख्यतः त्याच्या प्राचीनतेसाठी किंवा सम्राटाच्या कृपेची खूण म्हणून. दख्खनमधील माळेत मात्र नाण्याचा भर असतो तो त्याच्या कसावर, त्याच्या संख्येवर आणि त्यावरील आकृतीत पाहणाऱ्याला दिसणाऱ्या देवत्वावर. हा फरक ध्यानात न घेता दोन्हींना एकच मोजपट्टी लावली, की महाराष्ट्रातील पुतळीमाळ ही युरोपीय दागिन्याची गावठी आवृत्ती वाटू लागते.

मधल्या काळाचा पुरावा विरळ आहे, पण वणीच्या परिसराला त्यात स्थान आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचा शके ७३० चा ताम्रपट वणी-दिंडोरी येथे मिळाला असून तो मयूरखंडीहून दिलेला आहे, आणि मयूरखंडी म्हणजे सप्तशृंगगडासमोरचा मार्कंडा डोंगर असे अनेक अभ्यासकांनी मानले आहे. एवढ्या बलाढ्य राजवंशाच्या नावाने निःसंशय ओळखता येतील अशी सुवर्णनाणी जवळपास नाहीतच, हे भारतीय नाणकशास्त्रातील एक जुने कोडे आहे. लेखांत सुवर्ण, गद्याण आणि द्रम्म यांची नावे येतात, भूमिदाने आणि गावदाने मुबलक आढळतात, नाणी मात्र हाती लागत नाहीत. त्याआधीच्या कलचुरी कृष्णराजाचे चांदीचे रूपक बागलाणातील देवळाणे येथे सापडले आणि अंजनेरीच्या ताम्रपटांत कृष्णराज-रूपकांचा नावानिशी उल्लेखही आहे. पण ती चांदी. सोने पुन्हा ठळकपणे दिसते ते देवगिरीच्या यादवांच्या पद्मटंकांत. मध्यभागी कमळ आणि भोवती राजाचे नाव, श्री, शंख अशा खुणा निरनिराळ्या ठशांनी ठोकलेली ही नाणी एका बाजूने किंचित खोलगट असतात, आणि त्यांचे रूपच असे की कडी लावली की ती वेगळी सजवण्याची गरज भासत नाही.

पुतळीची खरी कहाणी सुरू होते ती व्हेनिसमध्ये. १२८४ साली त्या नगरराज्याने सोन्याचे डुकाट पाडायला आरंभ केला आणि १७९७ मध्ये नेपोलियनने त्या राज्याचा शेवट करीपर्यंत, पाचशेहून अधिक वर्षे, त्याचे वजन साधारण साडेतीन ग्रॅम आणि कस जवळजवळ शंभर नंबरी असाच राहिला. नाण्याच्या एका बाजूस संत मार्क उभा असून त्याच्यासमोर गुडघे टेकलेला डोज, म्हणजे व्हेनिसचा निवडून आलेला शास्ता, त्याच्या हातून ध्वज स्वीकारतो. दुसऱ्या बाजूस ताऱ्यांनी भरलेल्या लंबगोलात ख्रिस्त उभा असतो. तांबड्या समुद्रातून आणि इराणी आखातातून येणारे व्यापारी मिरी, नीळ आणि कापडाच्या मोबदल्यात हेच नाणे आणीत, कारण भारतातील सराफाला ते पुन्हा कसावर घासून पाहावे लागत नसे. सुरत, कोकणची बंदरे, गोवा आणि मलबार येथून ते आत पसरले. केरळात ते कासुमाळेत, म्हणजे नाण्यांच्या माळेत, गेले, महाराष्ट्रात त्याला पुतळी म्हणू लागले. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत शिवछत्रपतींच्या खजिन्यातील सोन्याच्या नाण्यांची जी लांबलचक यादी आहे, तीत मोहोरा, पातशाही होन, अच्युतराई, देवराई यांच्या रांगेत पुतळ्यांचीही नोंद आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस पुतळी हा खजिन्यात गणला जाणारा पैसा होता, हे यावरून सिद्ध होते, आणि पुतळी म्हणजे केवळ नाण्याच्या आकाराचा दागिना हा समज त्यापुढे टिकत नाही.

मग ती गळ्यातच का राहिली? एक कारण कसाचे. दरबार बदलला की त्याचा रुपया बट्ट्याने जाई, म्हणजे दर्शनी किमतीपेक्षा कमी भावाने घेतला जाई. अठराव्या शतकात मराठी मुलखात गुलशनाबादचा, म्हणजे नाशिकचा, होळकरांच्या टांकसाळीतला चांदवडी आणि आणखी कितीतरी टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत आणि प्रत्येकाचा बट्टा निराळा असे. पुतळीच्या मागे कोणताही स्थानिक दरबार नसल्याने तिचा भाव कोणाच्या पराभवाने उतरत नव्हता. दुसरे कारण स्त्रीधनाचे. माळेतील एक पुतळी सोडवून मोडता येते आणि बाकी माळ शाबूत राहते. ठुशी किंवा चपलाहार मोडायचा तर सगळाच मोडावा लागतो. पटवेकरी, म्हणजे दागिने रेशमी वा सुती दोऱ्यात ओवून मागे गोंडा लावून देणारा कारागीर, उरलेल्या पुतळ्या सैलसर गाठून देई आणि कमी झालेली जागा लोकांच्या डोळ्यांवर येत नसे. लग्नात मुलीला किती पुतळ्या घातल्या हे चारचौघांत मोजले जाई, तर नंतरच्या दुष्काळात वा आजारपणात त्यांतल्या किती गेल्या हे घरातच राही. तिसरे कारण आकृतीचे : एक उभा, एक नमलेला आणि मध्ये उंच दंड, ही रचना देव आणि भक्त यांच्या ओळखीच्या चित्राला इतकी जवळची होती, की त्या मूर्ती परक्या धर्माच्या आहेत याचा अडसर कोणाला झाला नाही.

व्हेनिसचे नाणे बंद झाले तरी मागणी थांबली नाही, आणि भारतात त्याच्या नकला पडू लागल्या. या नकलांकडे जवळून पाहिले तर एक विलक्षण गोष्ट आढळते. अस्सल नाण्यावरील लॅटिन अक्षरांचे नकलेत प्रथम वेडेवाकडे तुकडे होतात, मग त्यांच्या नुसत्या उभ्या रेघा होतात आणि शेवटी ठिपक्यांची किनार उरते. मधला दंड मात्र प्रत्येक पायरीवर ठसठशीत राहतो. डोजचा गुडघा सरळ होत जातो आणि दोन्ही आकृती समोरासमोर उभ्या असलेल्या जोडीसारख्या दिसू लागतात. अक्षरे न समजणाऱ्या ठसेकाराने जे निरर्थक वाटले ते टाकले आणि ज्याला अर्थ होता ते ठळक केले, एवढाच या बदलाचा उलगडा आहे. त्यापुढच्या पिढ्यांत ठशावर लक्ष्मी किंवा रामसीता आली, चकतीचा पत्रा पातळ झाला, तिची कडी नंतर झाळण्याऐवजी घडणीचाच भाग बनली. नाण्याची पुतळी संपून दागिन्याची पुतळी सुरू होण्याची रेषा याच टप्प्यांत कुठेतरी आहे; मात्र ती एका वर्षावर बोट ठेवून दाखवण्याचा मोह टाळलेला बरा.

मराठी नाण्यांपैकी दागिन्याच्या संदर्भात आज सर्वाधिक चर्चा होते ती शिवराई होनाची. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पाडलेल्या, जेमतेम पावणेतीन ग्रॅमच्या या नाण्याच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे आहेत, आणि अस्सल म्हणून मान्य झालेले होन अत्यंत थोडे आहेत. नेमक्या याच दुर्मीळतेमुळे त्यांच्या प्रतिकृती भरमसाट आहेत. राज्याभिषेकाला २०२४ मध्ये ३५० वर्षे झाली त्या निमित्ताने होनाची आणि तांब्याच्या शिवराईची लटकणे, अंगठ्या आणि माळा बाजारात आल्या. त्यांत श्रद्धेने घेतलेली उघड प्रतिकृती आणि जुने म्हणून खपवलेली बनावट यांच्यातील सीमा ग्राहकाला नेहमीच कळते असे नाही. तुळजापूरच्या भवानीला शिवछत्रपतींनी सुवर्णमुद्रांची माळ अर्पण केल्याची परंपरा आहे, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या अलंकारांत मोहरांची आणि पुतळ्यांची माळ आहे, आणि सप्तशृंगीच्या गाठल्याचा उल्लेख वर आलाच आहे. देवस्थाने ही अशा रीतीने महाराष्ट्रातील नाणेजडित दागिन्यांची सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी अभ्यासलेली भांडारे ठरतात.

इंग्रजी अमदानीत पुतळीची जागा गिन्नीने घेतली. ७.९८८ ग्रॅम वजनाची, बावीस कॅरटची ही ब्रिटिश सुवर्णमुद्रा मुंबईच्या टांकसाळीतही १९१८ च्या तारखेने पडली आणि त्या नाण्यांवर भारतदर्शक ‘आय’ अक्षराची बारीक खूण आहे. गिन्नीहाराच्या एखाद्या नाण्यावर ती दिसली तर तो हार त्या सालाच्या आधीचा असू शकत नाही, इतका सरळ पुरावा इतरत्र क्वचित मिळतो. ज्यांच्यापर्यंत सोने पोचले नाही त्यांनी चांदीचा राणीछाप रुपया ओवला. दिंडोरी, कळवण आणि सुरगाणा या पट्ट्यातील आदिवासी स्त्रियांच्या, तसेच बंजारा समाजाच्या, अंगावरच्या रुपयांच्या माळा हा त्याच वृत्तीचा चांदीतला आविष्कार आहे. त्यांचा आवाका इतका मोठा आहे की तो येथे केवळ तुलनेपुरता घेतला असून त्यावर स्वतंत्र ग्रंथ व्हावयास हवा.

या विषयावर आजवर झालेल्या लेखनाच्या तीन धारा ठळकपणे दिसतात. पहिली नाणकशास्त्राची. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय नाणकशास्त्र परिषदेपासून ते १९८० मध्ये नाशिकजवळ अंजनेरीच्या पायथ्याशी परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्युमिस्मॅटिक स्टडीज’ या संस्थेपर्यंत या परंपरेने टांकसाळ, राजा, वजन आणि धातू यांची शिस्त घालून दिली. माहेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठी टांकसाळींवरील ग्रंथ नसता तर चांदवडी वा गुलशनाबादी रुपयाबद्दल आज नेमकेपणाने बोलताही आले नसते. पण या धारेचे लक्ष नाणे टांकसाळीतून बाहेर पडते त्या क्षणावर खिळलेले असते. दुसरी धारा दागिन्यांच्या इतिहासाची : तिने घडण, प्रकार आणि प्रादेशिक शैली उत्तम नोंदवल्या, मात्र नाणे तिच्या लेखी एक नक्षी ठरले. तिसरी धारा अर्थशास्त्र आणि मानववंशशास्त्र यांच्या सीमेवरची असून ती स्त्रीधन, साठवण आणि देवस्थानच्या दानाचा विचार करते. तिच्या लेखनात चकतीवर काय छापले आहे हे सहसा सांगितलेलेच नसते. या तिन्ही धारांना जोडू शकेल अशी एक पद्धत दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी दाखवून ठेवली आहे. आहत नाणी, म्हणजे ठशांनी ठोकलेली प्राचीन चांदीची नाणी, हजारोंच्या संख्येने तोलून त्यांनी सिद्ध केले की हातोहात फिरताना होणारी झीज मोजली तर नाण्याच्या चलनाचा काळ मोजता येतो. हाच विचार दागिन्यातील नाण्याला लावला की नवे प्रश्न समोर येतात. व्यवहारातले नाणे दोन्ही अंगांनी सारखे झिजते. गळ्यातले नाणे त्वचेला व कापडाला टेकणाऱ्या बाजूने अधिक झिजते, शेजारच्या नाण्याला घासणाऱ्या कडेने झिजते आणि कडीच्या आतल्या वळणावर दोऱ्याने कापले जाते. कडी दोनतीनदा बदलली गेली असेल तर तिच्या खाली निरनिराळ्या झाळींचे फिकट व तांबूस थर राहतात. मोगली मोहोरेवर बहुधा आकृतीच नसल्याने तिथे आणखी एक गोष्ट कळते : कडी फार्सी मजकुराच्या माथ्यावर नेमकी असेल तर ती बसवणाऱ्याला किंवा घालणाऱ्याला लिपीचे वळण ठाऊक होते, मजकूर आडवा वा उलटा लटकत असेल तर नव्हते.

हा अभ्यास आताच हाती घेण्याची निकड मुख्यतः सोन्याच्या भावाने निर्माण केली आहे. १९३१ मध्ये पौंडाने सुवर्णपरिमाण सोडल्यावर, मंदीत सापडलेल्या भारतीय शेतकऱ्यांचे सोने जहाजे भरभरून परदेशी गेले आणि त्यात वितळलेल्या दागिन्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही. १९६३ पासूनच्या सुवर्णनियंत्रणाने आणि १९६८ च्या कायद्याने लगडी व नाण्यांच्या रूपातील खासगी सोन्यावर कडक बंधने घातली, दागिन्यांना त्या मानाने सवलत दिली. नाण्याला कडी लावण्याची ही आणखी एक सरकारी प्रेरणाच म्हणायची. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव एक लाख रुपयांवर गेल्यापासून जुन्या डागांची मोड वाढणे स्वाभाविक आहे, आणि २०२१ पासून सक्तीच्या झालेल्या हॉलमार्कमुळे, खूण नसलेला जुना दागिना तसाच जपण्यापेक्षा आटवून नवा करण्याकडे कल झुकतो. आटणीच्या मुशीत पुतळी आणि कालची साखळी यांच्यात फरक उरत नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार पुरावशेष ठरते, ती देशाबाहेर नेता येत नाही, आणि जमिनीत सापडलेले गुप्तधन दहा रुपयांहून अधिक मोलाचे असल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातले आहे. पण घरच्या डब्यातील वारशाची माळ आटवण्याआधी तिचे छायाचित्र घ्यावे, वजन टिपावे, एवढे सांगणारी व्यवस्था कुठेच नाही. देवस्थानांच्या बाबतीतही चित्र फार वेगळे नाही. तुळजापूरच्या खजिन्यातील संस्थानकालीन नाणी गहाळ झाल्याचे प्रकरण गाजले तेव्हा उघड झाली ती नोंदवह्यांची उणीव : ‘सोन्याचे नाणे, नग अमुक’ अशा नोंदीवरून कोणते नाणे गेले हे पुढे सांगता येत नाही. सप्तशृंगीच्या मूर्तीवरील शेंदराचे शतकानुशतकांचे थर २०२२ मध्ये पुरातत्त्वीय देखरेखीखाली काढण्यात आले आणि मूळ रूप समोर आले, तेव्हा पूजेत असलेल्या वस्तूचा अभ्यास तिच्या पावित्र्याला बाधा न आणता करता येतो, हे वणीच्या पंचक्रोशीने पाहिले आहे. अलंकारांच्या बाबतीत तेवढीच काळजी घेण्याला आडकाठी असू नये.

प्रस्तुत ग्रंथाने स्वतःला घालून घेतलेल्या मर्यादा त्याच्या भूमिकेतूनच आल्या आहेत. वणी हे केंद्र धरून गोदावरीचे खोरे, खानदेश आणि घाटाखालचे कोकण असा टापू त्याने निवडला आहे. रोम, व्हेनिस, केरळ आणि गोवा येथील पुरावा या टापूतील दागिना समजण्यास लागेल तेवढाच घेतला आहे. सोन्याची किंमत ठरवून देणे, खरे-खोटे ओळखण्याच्या युक्त्या सांगणे किंवा संग्राहकांसाठी दरपत्रक देणे हा त्याचा हेतू नाही. प्रत्येक दागिन्याच्या वर्णनात नाण्याच्या दोन्ही बाजू, कडीचा प्रकार व तिची जागा, झाळीचा रंग, झिजेची बाजू आणि ओवणीची रीत ही अंगे टिपण्याचा आग्रह धरला आहे, आणि नाण्याचे वर्णन व दागिन्याचे वर्णन वेगवेगळ्या प्रकरणांत विभागण्याची रूढ पद्धत मुद्दाम सोडून दिली आहे. खासगी कुटुंबांतील माळांच्या बाबतीत मालकाचे नाव व गाव वगळून केवळ दागिन्याचे तपशील दिले आहेत, कारण सोन्याची नोंद छापणे आणि चोराला पत्ता देणे यांत फार अंतर नसते. सोनार आणि पटवेकरी यांची परिभाषा जशी बोलली जाते तशीच ठेवून प्रथम येईल तिथे तिचा अर्थ सांगितला आहे. एकाच वस्तूला वणीत, येवल्यात आणि धुळ्यात निराळी नावे असतील तर तिन्ही दिली आहेत आणि त्यांतले एकच शुद्ध ठरवण्याचा खटाटोप केलेला नाही. वाचकाच्या घरी पुतळ्यांची माळ असेल, तर तिची एक पुतळी उजेडात तिरपी धरून कडीच्या खालचा भाग भिंगाने पाहावा आणि मगच पहिल्या प्रकरणाकडे वळावे.